गुलामगिरीविरोधी कादंबऱ्यांनी लोकमत कसे घडवले: वाचनमंडळासाठी अभ्यासाची एक रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील वाचनालयांत आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावी भरणाऱ्या साहित्य संमेलनांत 'साहित्य आणि समाजपरिवर्तन' हा विषय वारंवार निघतो, आणि तो निघाला की अमेरिकेतील एका कादंबरीचा दाखला बहुधा दिला जातो. हॅरिएट बीचर स्टो यांनी 'अंकल टॉम्स केबिन' लिहिली, ती वाचून लोक पेटून उठले, यादवी युद्ध झाले आणि गुलामगिरी संपली, एवढे सांगून वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. या विधानांच्या मधल्या जागेत प्रत्यक्षात काय घडले, हे एखाद्या वाचनमंडळाने स्वतः तपासून पाहायचे ठरवले, तर त्याने काम कसे करावे, यासाठी हे टिपण आहे. त्यासाठी आठ-दहा वाचक, महिन्यातून दोन बैठका आणि एक जाड वही पुरेशी आहे. इतिहासाचा पदवीधर मंडळात असलाच पाहिजे असे नाही. मात्र प्रत्येक विधानाला 'हे कशावरून?' असे विचारण्याची सवय असलेला एक तरी सभासद असावा, आणि त्याचा कोणी राग मानू नये.

पुस्तक उघडण्यापूर्वी एक दंतकथा बाजूला काढावी. १८६२ च्या अखेरीस स्टोबाई राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना भेटल्या, तेव्हा 'हे मोठे युद्ध सुरू करणारी छोटीशी बाई ती तुम्हीच काय,' असे लिंकन म्हणाले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. भेट झाली हे खरे आहे; परंतु हे वाक्य त्या काळच्या कोणत्याही पत्रात किंवा नोंदीत सापडत नाही, आणि छापून आले ते तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, १८९६ मध्ये स्टोबाईंचे निधन झाल्याच्या सुमारास. वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य लिहून त्यापुढे 'पुरावा नाही' अशी नोंद करावी. या एका नोंदीमुळे पुढच्या सर्व बैठकांना शिस्त लागते, कारण कादंबरीच्या प्रभावाविषयी जे जे ऐकले आहे ते दोन गटांत विभागावे लागते: जे नोंदीने सिद्ध होते ते, आणि जे ऐकायला गोड वाटते म्हणून टिकून राहिले ते.

कायद्यापासून सुरुवात

दुसऱ्या बैठकीत कादंबरीऐवजी एक कायदा वाचावा, असे मी आग्रहाने सुचवतो. सप्टेंबर १८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा अधिक कडक केला. पळालेला माणूस ज्या उत्तरेकडील राज्यात गुलामगिरी नव्हती तेथे पोहोचला, तरी त्याला पकडून मालकाच्या हवाली करणे या कायद्याने सक्तीचे झाले. त्याला आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. पकडलेल्या माणसाला ज्युरीपुढे खटला नव्हता आणि स्वतःची साक्ष देण्याचाही हक्क नव्हता. सर्वांत बोलका तपशील शुल्काचा आहे. प्रकरण ऐकणाऱ्या आयुक्ताने त्या माणसाला मालकाकडे परत पाठवले तर त्याला दहा डॉलर मिळत, आणि सोडून दिले तर पाच. जास्तीची कागदपत्रे करावी लागतात, असे कारण त्यासाठी देण्यात आले होते.

हा तपशील मोठ्याने वाचून सभासदांना एकच प्रश्न विचारावा. बोस्टन किंवा सिनसिनाटीच्या ज्या गृहस्थाने जन्मात गुलाम विकत घेतला नाही आणि 'तो दक्षिणेकडील लोकांचा प्रश्न आहे' असे जो आजवर म्हणत आला, त्याच्या आयुष्यात या कायद्याने कोणता बदल झाला? उत्तर शोधताना मंडळाच्या लक्षात येईल की त्याचे तटस्थ राहण्याचे स्वातंत्र्यच संपले होते. रात्री दार वाजले तर एक तर कायदा मोडायचा किंवा माणूस धरून द्यायचा, यापलीकडे तिसरा मार्ग उरला नव्हता. स्टोबाईंची कादंबरी या दारापाशी उभी राहते. वॉशिंग्टनहून निघणाऱ्या 'नॅशनल इरा' या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात ५ जून १८५१ पासून १ एप्रिल १८५२ पर्यंत ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि मार्च १८५२ मध्ये बोस्टनच्या जॉन ज्युएट यांनी ती पुस्तकरूपाने काढली. कायदा आणि कादंबरी यांच्यातील हे वर्षभराचेही नसलेले अंतर वहीत ठळक करून ठेवावे.

वहीच्या पानांवर उभ्या रेघा मारून चार रकाने करावेत: कायदा व राजकारण, पुस्तके, वाचकांचा प्रतिसाद आणि विरोधकांचा प्रतिसाद. पुढे मिळणारी प्रत्येक नोंद सालासह योग्य रकान्यात जावी. फळ्यावर लिहून पुसून टाकले तर या रीतीचा उपयोग होत नाही, कारण खरा बोध नंतर, चारही रकाने शेजारी ठेवून पाहताना होतो.

सगळे पुस्तक वाचण्याची गरज नाही

कादंबरी पंचेचाळीस प्रकरणांची आहे, आणि तिच्यातील धार्मिक उपदेशाचा भाग आजच्या वाचकाला जड जातो. मंडळाने पहिले, सातवे, नववे, बारावे आणि चाळिसावे ही प्रकरणे निवडावीत व बाकीच्यांचा सारांश एका सभासदाने सांगावा. पहिल्या प्रकरणात केंटकीतील एक सभ्य मालक कर्ज फेडण्यासाठी टॉम या गुलामाला आणि एलायझा या दासीच्या लहान मुलाला विकण्याचा सौदा करतो. मालक दुष्ट नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. त्याच्या चांगुलपणाला कर्जाच्या कागदापुढे काही किंमत नाही, एवढेच लेखिकेला दाखवायचे आहे. सातव्यात एलायझा मूल कवटाळून ओहायो नदीवरील तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवरून पलीकडे जाते. बाराव्यात नदीच्या बोटीवर एका आईचे तान्हे मूल ती पाहत नसताना विकले जाते आणि रात्री ती पाण्यात उडी घेते. चाळिसाव्यात टॉमला जीवघेणी मारहाण होते.

नवव्या प्रकरणाला मात्र संपूर्ण बैठक द्यावी. ओहायोचा एक सिनेटर, बर्ड त्याचे नाव, पळालेल्या गुलामांना मदत करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत देऊन घरी आला आहे. त्याची बायको स्वभावाने भित्री आहे. राजकारणाविषयी ती कधी बोलत नाही, पण या एका बाबतीत ती नवऱ्याला जाब विचारते. तो तिला समजावतो की खाजगी भावना आणि सार्वजनिक हित यांची गल्लत करू नये. बोलणे चालू असतानाच स्वयंपाकघरात एलायझा येऊन पडते, आणि शुद्धीवर आल्यावर बर्डबाईंना विचारते, तुम्ही कधी मूल गमावले आहे का? त्या घरातले एक मूल जेमतेम महिन्यापूर्वी पुरलेले असते. थोड्या वेळाने सिनेटर स्वतःच अडखळत बायकोला सुचवतो की त्या खणात आपल्या बाळाचे कपडे आहेत, ते या मुलाला होतील. आणि त्याच रात्री चिखलातून गाडी हाकत तो आईला व मुलाला सुरक्षित ठिकाणी पोहोचवतो, म्हणजे आपणच मंजूर केलेला कायदा मोडतो.

याच प्रकरणात लेखिका एक निरीक्षण नोंदवते, आणि माझ्या मते मंडळाच्या साऱ्या अभ्यासाची किल्ली त्यात आहे. ती म्हणते की आजवर या सिनेटरच्या मनात 'फरारी' म्हणजे केवळ ती अक्षरे होती, फार तर वर्तमानपत्रातील जाहिरातीवर छापतात ते, काठीला गाठोडे बांधून निघालेल्या माणसाचे इवलेसे चित्र. प्रत्यक्ष माणूस, थरथरणारा हात, ही गोष्ट त्याने कधी अनुभवलीच नव्हती. कादंबरी वाचकाला काय करू पाहते, हे कादंबरीनेच येथे सांगून टाकले आहे. सभासदांनी या प्रकरणातील युक्तिवाद आणि दुःखाचा प्रसंग वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिलींनी अधोरेखित करावेत. मग असे दिसते की बायकोचा युक्तिवाद सिनेटरला हलवत नाही. तो शांतपणे उत्तरे देत राहतो. हलवतो तो खण. लेखिकेचे स्वतःचे दीड वर्षाचे मूल १८४९ च्या कॉलऱ्यात सिनसिनाटी येथे गेले होते, हे कळल्यावर सभासदांना त्या खणाकडे पुन्हा वळावेसे वाटेल. मात्र चर्चा तेवढ्यावर थांबू देऊ नये, कारण केवळ स्वतःच्या दुःखावर तिने ही कादंबरी उभारलेली नाही. १८३९ मध्ये थिओडोर वेल्ड यांनी दक्षिणेकडील वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि साक्षी एकत्र करून छापलेले पुस्तक, तसेच पळून मुक्त झालेल्या माणसांची आत्मकथने तिने वापरली होती.

एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. मूळ पुस्तकात काळ्या लोकांसाठी आज शिवी मानले जाणारे शब्द जागोजाग आहेत आणि 'या जातीचे लोक स्वभावतः गरीब, भाविक' असली विधाने खुद्द लेखिकेच्या तोंडी आहेत. वाचताना ते शब्द गाळू नयेत, पण कोणाच्या तोंडी आले आहेत हे प्रत्येक वेळी सांगावे. पात्राच्या तोंडचा तुच्छतेचा शब्द आणि लेखिकेची स्वतःची समजूत यांतला फरक कळणे हा अभ्यासाचाच भाग आहे.

खप म्हणजे लोकमत नव्हे

आता तिसरा रकाना. पुस्तकाच्या पहिल्याच आठवड्यात दहा हजार प्रती गेल्या, अमेरिकेत वर्षभरात सुमारे तीन लाख, आणि ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक, त्यातील बऱ्याचशा लेखिकेला एक पैसाही न देता छापलेल्या. हे आकडे मोठे आहेत, पण त्यांच्यापासून दोन बाजूंनी सावध राहावे. एक तर खपापेक्षा वाचक जास्त होते. साप्ताहिकाचा अंक घरी आला की एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी तेव्हा रीत होती. आपल्याकडे श्रावणात देवळात पोथी लागते आणि अक्षर न ओळखणारी म्हातारीदेखील कथा पाठ म्हणते, तसेच त्या घरांत झाले असेल तर प्रतींच्या आकड्यावरून श्रोत्यांचा अंदाज करता येणार नाही. त्यात १८५२ मध्येच ट्रॉय या गावी जॉर्ज एकन यांनी केलेले नाट्यरूप रंगभूमीवर आले आणि पुस्तक कधीच न वाचणारा प्रेक्षक कथेला मिळाला. पुढे अशा नाटकांनी टॉमला हास्यास्पद लाचार म्हातारा करून टाकले, आणि त्याचे नाव काळ्या समाजात शिवीसारखे वापरले जाऊ लागले, हेही त्याच रकान्यात लिहावे.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. वाचून रडलेला माणूस मत बदलतोच असे नाही, आणि मत बदललेला माणूस मतदान बदलतोच असेही नाही. १८५२ हे पुस्तकाच्या सर्वाधिक गाजावाजाचे वर्ष होते, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देऊ नये असे म्हणणाऱ्या फ्री सॉइल पक्षाला १८४८ मध्ये सुमारे दहा टक्के मते पडली होती. १८५२ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास आली. कादंबरीने देश पेटवला असे म्हणणाऱ्याला हा आकडा अवश्य दाखवावा. त्यामागे पक्षांच्या फाटाफुटीची वेगळी कारणे होती, हे खरे. तरी पुस्तकाचा परिणाम थेट मतपेटीत उतरला नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. बदल दिसू लागतो तो १८५४ मध्ये, जेव्हा कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांची दारे गुलामगिरीला उघडली, रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळालेल्या तरुणाला सैन्याच्या पहाऱ्यात बंदरावर नेताना हजारो लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. तोवर लोकांच्या मनात 'फरारी' या शब्दाला चेहरा मिळालेला होता, आणि राजकीय घटना घडली तेव्हा त्या चेहऱ्याने ती समजून घेतली गेली. कादंबरीच्या वाट्याचे श्रेय, माझ्या समजुतीने, एवढेच आणि येथेच आहे. ते थोडे नाही.

सीमाभागातील वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. लोकांचे मत काय आहे हे १९५६ पासून ठरावांतून, मोर्चांतून आणि निवडणुकांतून येथे किती वेळा नोंदवले गेले, आणि ते मत व निर्णय यांच्यामध्ये किती अंतर राहू शकते, हे बेळगावकराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. फक्त चर्चा सीमाप्रश्नाकडे वळली की ती परत अमेरिकेकडे येत नाही, हे ओळखून बैठक चालवणाऱ्याने तो धागा वेळीच सोडवावा.

लोकमत विझते कसे, याचेही एक उत्तम उदाहरण याच पुस्तकाच्या इतिहासात आहे. कादंबरी वाचून हलून गेलेल्या ब्रिटनमधील पाच लाखांहून अधिक स्त्रियांनी अमेरिकेतील भगिनींना उद्देशून एका आवाहनावर सह्या केल्या, आणि त्या सह्यांचे सव्वीस जाड खंड १८५३ मध्ये स्टोबाईंना देण्यात आले. दहा वर्षांनी, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनमधील मोठा वर्ग दक्षिणेकडे सहानुभूतीने पाहू लागला होता; दक्षिणेचा कापूस थांबल्याने लँकेशायरच्या गिरण्या अडचणीत होत्या. जानेवारी १८६३ मध्ये स्टोबाईंनी त्या आवाहनाला छापील उत्तर देऊन विचारले की त्या सह्यांमागची भावना आता कोठे गेली. दूरच्या दुःखाने आलेले अश्रू आणि जवळच्या हिताशी झगडा होईपर्यंत टिकणारे मत, या दोन गोष्टी या प्रसंगात शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

विरोधकांच्या रकान्यातला पुरावा

माझा अनुभव असा की बहुतेक मंडळे चौथा रकाना मोकळा ठेवतात, आणि नेमका तोच सर्वांत भरवशाचा असतो. ज्या पुस्तकाचा परिणाम होत नाही त्याला कोणी उत्तर देत नाही. येथे १८५२ मध्येच मेरी ईस्टमन यांची प्रत्युत्तरादाखल लिहिलेली कादंबरी निघाली, आणि युद्धापूर्वीच्या वर्षांत गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या अशा वीसहून अधिक कादंबऱ्या आल्या. त्यांतील एखादीचा सारांश मंडळाने जरूर मिळवावा. प्रेमळ मालक, कृतज्ञ दास आणि उत्तरेकडील कारखान्यातले उपाशी मजूर हा त्यांचा ठराविक साचा आहे. स्टोबाईंवर खोटेपणाचा आरोप झाला तेव्हा त्यांनी १८५३ मध्ये कादंबरीतील प्रसंगांना आधार म्हणून न्यायालयीन निकाल, जाहिराती आणि साक्षी यांचे स्वतंत्र पुस्तक काढले. कादंबरीकाराला पुराव्यांचे पुस्तक काढावे लागते, याचा अर्थ वाचक तिला केवळ कादंबरी म्हणून वाचत नव्हते.

त्याहून जड नोंद सॅम्युएल ग्रीन यांची आहे. मेरीलँडमधील हे स्वतंत्र काळे धर्मोपदेशक. त्यांच्या घरी ही कादंबरी सापडली, एवढ्या गुन्ह्यासाठी १८५७ मध्ये त्यांना दहा वर्षांची कैद झाली, आणि १८६२ पर्यंत ते तुरुंगात राहिले. खपाचे सर्व आकडे एका पारड्यात आणि ही शिक्षा दुसऱ्या पारड्यात घातली, तर पुस्तकाच्या ताकदीविषयी मी दुसऱ्या पारड्यावर अधिक विश्वास ठेवीन.

जे स्वतः बोलले

एवढे झाल्यावर मंडळात कोणीतरी विचारेल, आणि न विचारल्यास संयोजकाने विचारावे, की या सगळ्यात गुलामगिरी भोगलेली माणसे कोठे आहेत. त्यांनी लिहिले नव्हते काय? लिहिले होते, आणि स्टोबाईंच्या आधीपासून. फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन १८४५ मध्ये, जोसाया हेन्सन यांचे १८४९ मध्ये आले. सॉलोमन नॉर्थप यांचे १८५३ मध्ये. याच वर्षी विल्यम वेल्स ब्राउन या स्वतः गुलामीतून निसटलेल्या लेखकाची 'क्लोटेल' ही कादंबरी लंडनमध्ये छापली गेली, आणि डग्लस यांनी 'द हिरोइक स्लेव्ह' ही दीर्घकथा लिहिली. १८४१ मध्ये क्रिओल नावाच्या जहाजावर मॅडिसन वॉशिंग्टन याच्या पुढाकाराने झालेले बंड हा तिचा विषय आहे. टॉम मार खात क्षमा करतो. वॉशिंग्टन जहाज ताब्यात घेऊन मुक्त प्रदेशात नेतो. हे दोन नायक एका बैठकीत शेजारी ठेवून वाचावेत आणि गोऱ्या वाचकाला यांपैकी कोणाची कीव अधिक सहज आली असेल, यावर सभासदांनी बोलावे. टॉमच्या सोशिकतेवर आणि कादंबरीच्या शेवटी काही पात्रांना आफ्रिकेतील लायबेरियात पाठवून देण्यावर मार्टिन डिलेनी यांच्यासारख्या काळ्या नेत्यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. सुमारे शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, जेम्स बाल्डविन यांनी या कादंबरीवर लिहिलेला कठोर निबंध मंडळातील इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांनी मिळवून त्याचे मराठीत कथन करावे.

गुलामगिरीतून सुटलेल्या हॅरिएट जेकब्ज यांची गोष्ट मात्र वगळू नये. आपली कहाणी लिहिण्यात स्टोबाईंची मदत मिळावी, असे त्यांना वाटत होते. स्टोबाईंनी ती आपल्या पुराव्याच्या पुस्तकात वापरण्याचा मनोदय दाखवला. जेकब्ज यांना ते मानवले नाही, त्यांनी स्वतःच लेखणी उचलली आणि १८६१ मध्ये टोपणनावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. चांगल्या हेतूचा लेखक दुसऱ्याच्या दुःखाला सामग्री समजू लागतो तेव्हा काय होते, हे यावरून जितके कळते तितके कोणत्याही समीक्षेने कळत नाही.

न गाजलेल्या पुस्तकालाही थोडा वेळ द्यावा. रिचर्ड हिल्ड्रेथ यांनी १८३६ मध्येच गुलामाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिली होती, आणि ती स्टोबाईंच्या कादंबरीपेक्षा अधिक तिखट होती. तरीही १८५२ सारखी लाट तेव्हा उठली नाही. तेव्हा १८५० चा कायदा नव्हता, उत्तरेकडील वाचकाच्या दारावर प्रश्न आलेला नव्हता. क्यूबात गेर्त्रूदिस गोमेस दे आवेयानेदा यांच्या १८४१ च्या 'साब' या कादंबरीवर बंदीच आली. ब्राझीलमध्ये बेर्नार्दो गिमराइंस यांची 'इसौरा' १८७५ मध्ये लोकप्रिय झाली, पण तिची दासी-नायिका दिसायला गोरी आहे, यातच बरेच काही आले. तेथे गुलामगिरी संपायला १८८८ उजाडले.

आपल्याकडच्या पुस्तकांना तेच प्रश्न

शेवटच्या दोन बैठका मराठीसाठी राखून ठेवाव्यात. बेळगावच्या वाचकाला सुरुवात घरातूनच करता येते, कारण मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले आणि त्यांचे आरंभीचे शिक्षणही येथेच झाले. विधवांच्या हालांचे चित्रण करणारी ही कादंबरी १८५७ ची, आणि विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा. वहीतल्या रकान्यांत ही साले भरली की अमेरिकेच्या उलट क्रम समोर येतो. तेथे अन्यायाचा कायदा आधी आला आणि कादंबरीने त्याविरुद्ध मन तयार केले. येथे न्यायाचा कायदा आधी आला आणि समाज त्याच्या मागे यायला तयार नव्हता, म्हणून कादंबरीला कायद्यामागून चालत यावे लागले. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' मधून क्रमशः येत होती, तेव्हा मुलींच्या शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावर रण माजले होते आणि १८९१ मध्ये तो मंजूर झाला. येथेही साप्ताहिकातून येणारी कथा आणि ऐन वादातला कायदा एकाच वेळी वाचकाच्या घरात शिरले होते.

महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' कादंबरी नव्हे. ते जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. तरी ते या अभ्यासात हवे, कारण १८७३ चे हे पुस्तक फुल्यांनी अमेरिकेतील ज्या लोकांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्याग केला त्यांना अर्पण केले आहे. अमेरिकेतील चळवळीचा प्रतिध्वनी दहा वर्षांत पुण्यात उमटला आणि त्याचा रोख जातिव्यवस्थेकडे वळवला गेला, हे मंडळाने अर्पणपत्रिका मोठ्याने वाचून लक्षात घ्यावे.

याच जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे, त्यामुळे देवदासी प्रथेचा उल्लेख निघणारच. १९३४ चा मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगावलाही लागू होता, आणि कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतंत्र बंदी कायदा केला. दोन कायद्यांमध्ये जवळपास अर्धे शतक गेले, यावरून पहिल्याने काय साधले याचा अंदाज येतो. उत्तम बंडू तुपे यांची 'झुलवा' ही जोगतिणींच्या जीवनावरील कादंबरी येथे वाचता येईल आणि स्टोबाईंसाठी वापरलेले चारही रकाने तिला लावता येतील. पण बैठकीला बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात ही प्रथा एक-दोन पिढ्यांपूर्वी असू शकते, हे ध्यानात ठेवून कोणालाही 'तुमच्याकडे कसे होते' असे विचारू नये. हाच नियम खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि पुढे हल्याळ, यल्लापूरकडे राहणाऱ्या सिद्दी समाजाबाबत पाळावा. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले होते. सिद्दी वाचक मंडळात आले तर वाचक म्हणून यावेत. नमुना म्हणून त्यांना बोलावणे म्हणजे जेकब्ज यांच्याबाबत झालेली चूक पुन्हा करणे होय.

मत मोजण्याचा एक छोटा प्रयोगही करून पाहता येतो. नववे प्रकरण वाचण्यापूर्वी सर्वांना कोरी चिठ्ठी द्यावी आणि नाव न घालता एका प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगावे: अन्यायाचा वाटणारा कायदा मोडून कोणाला आसरा देणे योग्य आहे काय? प्रकरण वाचून झाल्यावर लगेच दुसरी चिठ्ठी घ्यावी, आणि दोन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. दुसऱ्या चिठ्ठीत मते सरकलेली दिसली, तर ती तिसऱ्या चिठ्ठीत कितपत मागे जातात हे पाहणे हाच या प्रयोगाचा हेतू आहे. आठ-दहा माणसांच्या चिठ्ठ्यांवरून समाजाविषयी अनुमान काढू नये.

संमेलनात किंवा वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात हा अभ्यास मांडायचा असल्यास वीस मिनिटांहून मोठा निबंध करू नये. निबंधातील प्रत्येक विधानापुढे वहीतील पान क्रमांक पेन्सिलीने लिहावा, ज्या विधानापुढे क्रमांक लिहिता येत नाही ते वाचनापूर्वी खोडावे, आणि वही वाचनालयाच्या संदर्भ विभागात ठेवून पुढच्या मंडळाने तिच्यातच नोंदी वाढवाव्यात, अशी विनंती ग्रंथपालांना करावी.